टीमसाठी टीव्ही शो करताय? मग या चुका टाळा

नावाला अर्धा तास, पण ब्रेक काढले की आपल्या हातात उरतात बावीस मिनिटं. आमचा शो शनिवारी लागायचा आणि फाइल गुरुवारी रात्री चॅनलला द्यावी लागायची, आणि मॅच कधी? शुक्रवारी! म्हणजे जो शो बघताना लोकांना कालचा निकाल पाठ झालेला असणार तो आपण निकालाच्या आधी बनवून मोकळं व्हायचं. एका कबड्डी टीमसाठी दोन सीझन हे केलं, त्यात जे जे फसलं ते लिहितोय, बघा कुणाच्या कामी आलं तर.

सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे हिरो आधीच ठरवून टाकणं. पहिल्या सीझनला आमच्या एका रेडरच्या गावी गेलो, दोन दिवस शूट, घर, तालमीची माती, आईच्या हातची भाकरी, सगळं झकास. बावीसपैकी अकरा मिनिटं त्याचीच. व्हॉइस ओव्हरमध्ये मी स्वतः लिहिलेली ओळ होती, 'शुक्रवारी हा वाघ मॅटवर धुमाकूळ घालणार.' बुधवारी प्रॅक्टिसला वाघाचा गुडघा फिरला, फिजिओ म्हणाले सहा आठवडे विसरा. गुरुवारी रात्री आठला आमच्याकडे अकरा मिनिटांचं भोक, व्हॉइस ओव्हरवाला घरी गेलेला आणि चॅनलचा फोनवर फोन. शेवटी टाकून दिलेल्या टेप्स उपसल्या तेव्हा आईची एक बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोललेलं एक वाक्य, सापडली, 'त्याला म्हणावं गुडघ्याला जप जरा.' आधी आम्हीच फालतू म्हणून उडवली होती, तीच एपिसोडच्या सुरुवातीला लावली.

तेव्हापासून मी एकच नियम पाळतो. काल, आज, उद्या, 'जिंकणार', 'खेळणार', 'सलग तिसरा विजय' असलं जे जे शिळं होऊ शकतं ते फक्त अँकर लिंकमध्ये, म्हणजे दोन पीसच्या (कापून तयार केलेल्या गोष्टींच्या) मध्ये अँकर जे बोलतो त्यात. लिंक परत रेकॉर्ड करायला दहा मिनिटं लागतात, पीस परत कापायला अख्खी रात्र जाते. अँकरला तेच कपडे, तेच केस ठेवून जिंकलो, हरलो आणि टाय अशा तीनही लिंक एकदमच घेऊन टाका. टायची लिंक घेताना क्रू हसतो. हसू दे. कबड्डीत मॅच चाळीस मिनिटांची असली तरी रेड तीस सेकंदांची असते आणि तेवढ्यात सगळं फिरतं. 1 मार्च 2024 ला पुणेरी पलटणने हरियाणाविरुद्धची प्रो कबड्डीची फायनल 28-25 अशी मारली, तीन पॉइंटचा फरक, म्हणजे एक सुपर रेड (एकाच रेडमध्ये तीन किंवा जास्त पॉइंट) इकडची तिकडे झाली तर 'चॅम्पियन' लिहिलेल्या ग्राफिक्सचं काय करणार होता?

क्रिकेटवाले म्हणतील आमचं बरंय. कसलं बरं! 2023 ची चेन्नई-गुजरात आयपीएल फायनल आठवा. 28 मेची मॅच पावसाने 29 ला गेली, मध्ये परत पाऊस, 15 ओव्हरमध्ये 171 चं टार्गेट, संपली तेव्हा तारीख 30 झाली होती. शेवटच्या दोन बॉलला 10 हवे असताना चेन्नईच्या जडेजाने सिक्स आणि फोर मारला. दोन बॉल आधी ज्याने गुजरातचा जल्लोषाचा एपिसोड रेंडरला (फायनल फाइल बनवायला) लावला असेल त्याची मला खरंच काळजी वाटते.

आणि कधी कधी मॅचच गायब होते. 8 मे 2025 ला धरमशाला इथली आयपीएलची पंजाब-दिल्ली मॅच 10.1 ओव्हरला थांबली, दुसऱ्या दिवशी स्पर्धाच स्थगित, 17 मेला परत सुरू झाली तेव्हा दिल्लीचा फास्ट बॉलर स्टार्क परतलाच नाही. अशा वेळी लागतो न शिळा होणारा माल. किट सांभाळणारा माणूस, बसचा ड्रायव्हर, स्वयंपाकी, कोच पोरांना पाय धरायला शिकवतोय, असे चार-पाच मिनिटांचे किमान तीन पीस कापून, मिक्स करून तयार ठेवा. नुसतं शूट करून हार्ड डिस्कमध्ये पडलेलं फुटेज म्हणजे तयारी नाही, रात्री दोनला ते कुणी कापत नसतं.

फुटेजवरून आठवलं, टीम तुमची असली तरी मॅचची चित्रं तुमची नसतात. ब्रॉडकास्टरकडून किती सेकंद मिळणार आणि कधी, हे सीझनच्या आधी लेखी घ्या, तोंडी 'हो हो देऊ' वर जाऊ नका.

हरल्यावर कॅप्टन येत नाही हे तर गृहीतच धरा. येतो तेव्हा 'शिकायला मिळालं' च्या पुढे काही बोलत नाही, त्याचाही दोष नाही, बिचाऱ्याच्या खांद्याला बर्फ बांधलेला असतो. मीडिया मॅनेजरच्या मागे लागण्यापेक्षा सकाळी सरावाच्या वेळी बोला, आणि निकाल न विचारता गोष्ट विचारा. 'कालच्या रात्री झोप लागली का?' या एका प्रश्नावर मला सात मिनिटं मिळाली आहेत.

शेवटचं, टायटल मोंटाज. पोरांचे चेहरे घालू नका. ऑक्शनला टीम विस्कटते, जर्सीवरचा स्पॉन्सर बदलतो आणि मग टायटलमध्ये तुमच्याच शोला दुसऱ्या टीमचा खेळाडू मांडी थोपटताना दिसतो. आमच्याकडे दिसला, सलग दोन शनिवार. आता आमच्या टायटलमध्ये फक्त पाय, मॅट आणि कुणाचे ते न कळणारे हात आहेत.