शेततळ्यातले मासे पहाटेच का मरतात? या चुका टाळा

काल संध्याकाळी मासे खाद्यावर तुटून पडत होते आणि आज सकाळी सहाला पांढरी पोटं वर. अशा वेळी पहिला संशय येतो तो कुणी औषध टाकल्याचा. शेजाऱ्याशी भांडण काढण्याआधी मेलेले मासे नीट बघा.

मोठे मासे गेले आणि बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) तगली, त्यातही कटला आधी गेला, तोंडं उघडी आणि कल्ले फाकलेले असतील, तर ऑक्सिजन संपला होता. विषबाधेत लहान-मोठं असा भेद राहत नाही, मरतूक दिवसाच्या कुठल्याही वेळी होते आणि पाणकिडे, बेडकांची पिल्लंही मेलेली सापडतात. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशकं माशांना फारच घातक असतात. फवारणीचा पंप तळ्याच्या काठावर धुतला तरी नुकसान होतं. पण पहाटेची मरतूक बहुतेक वेळा ऑक्सिजनचीच असते.

रात्रीचा हिशेब कुणी करत नाही

तळ्यातला बराचसा ऑक्सिजन पाण्यातलं सूक्ष्म हिरवं शेवाळ, म्हणजे वनस्पती प्लवंग, उन्हात तयार करतं. सूर्य मावळला की ते उत्पादन थांबतं, खर्च मात्र चालूच राहतो. मासे, तळाचा गाळ, उरलेलं खाद्य आणि खुद्द ते शेवाळ, सगळे रात्रभर ऑक्सिजन ओढतात. म्हणून दुपारी तीन-चारला तो सर्वांत जास्त असतो आणि सूर्योदयाच्या जरा आधी सर्वांत कमी. ३० अंश तापमानाचं पाणी हवेतून जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन धरू शकतं. माशांना ५ च्या वर बरं वाटतं, ३ च्या खाली ताण येतो आणि त्याहून खाली गेल्यावर ते वर येऊन हवा गिळू लागतात.

इथेच मोजमापाची चूक होते. सकाळी दहाला ऑक्सिजन मोजायचं किट घेऊन गेलात तर आकडा चांगलाच येणार. मोजायचं ते पहाटे पाच-साडेपाचला, काठापासून दूर आणि वीत-दीड वीत खोलीवरचं पाणी घेऊन. बाटली पाण्याखालीच भरून तिथेच बुच लावा. आत हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा फसवतो.

पाणी जितकं हिरवं तितकं चांगलं?

नाही. वीस सेंटिमीटरची थाळी चार भागांत काळी-पांढरी रंगवा, वजन लावून दोरीने पाण्यात सोडा. ती ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर पाणी बेताचं हिरवं आहे. २० च्या आतच नाहीशी होत असेल तर शेण, खत आणि खाद्य तिन्ही थांबवा. थाळी नसेल तर हात कोपरापर्यंत बुडवून तळवा दिसतो का बघा, अंदाज येतो. मात्र पाणी मातीने गढूळ असेल तर ही दोन्ही मापं फसतात.

आणखी एक. हिरवं पाणी एकाएकी तपकिरी किंवा राखाडी झालं आणि वास येऊ लागला, तर शेवाळ मेलंय. त्यातून ऑक्सिजन तयार होणं बंद आणि वर ते कुजताना ऑक्सिजन खातं. त्या रात्री तळ्यावर राहा. दाट शेवाळ मारायला मोरचूद ओतणारे लोक हाच प्रसंग स्वतःच्या हाताने आणतात.

चुना: सवयीने टाकू नका

पुस्तकात चुना टाका लिहिलेलं असतं, पण ते आम्लधर्मी मातीसाठी. आपल्या काळ्या जमिनीत आणि बोअरच्या पाण्यात सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कधर्मीपणाचं माप) बऱ्याचदा आधीच ८ च्या वर असतो. शेवाळ दाट असेल तर तो दुपारी ९ च्याही पुढे जातो. माशांच्या विष्ठेतून आणि सडलेल्या खाद्यातून जो अमोनिया येतो, त्याचा विषारी भाग या सामूवर ठरतो. २८ अंशांना सामू ७ असताना एकूण अमोनियाचा शंभरात एक भागही विषारी नसतो, ८ ला सुमारे ७ टक्के आणि ९ ला ४० टक्के होतो. अशा पाण्यात कळीचा चुना टाकला तर सामू आणखी चढतो आणि जे विष गप्प बसलं होतं ते जागं होतं. मासे दुपारच्या उन्हात सुस्त होऊन कडेला येत असतील तर ऑक्सिजनपेक्षा अमोनियाचा संशय घ्या. आधी सामू मोजा, मग चुन्याच्या गोणीला हात लावा.

मासे तेवढेच, पाणी चौथाई

३० बाय ३० बाय ३ मीटरचं, एकास एक उताराचं शेततळं काठोकाठ भरलं की सुमारे २,२०० घनमीटर पाणी असतं. उन्हाळ्यात फळबागेला पाणी देता देता खोली एक मीटरवर आली की उरतं सव्वासहाशे. म्हणजे चौथाईच्या जरा वर, आणि तोवर मासे वाढून वजनदार झालेले. हे गणित न करता दोन-तीन हजार बोटुकली सोडली जाते. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नसेल तर एवढ्या तळ्यात कटला, रोहू, मृगळ मिळून पाचशेच्या आसपासच ठेवा, आणि पाणी दीड मीटरच्या खाली जाण्याआधी मोठे मासे काढा.

खाद्याचंही तसंच. दोनशे ग्रॅमचे पाचशे मासे म्हणजे शंभर किलो वजन. त्याला दोन टक्क्यांनी रोज दोन किलो पेंड-कोंडा पुरे. ताटलीत टाकून पाण्यात सोडा, दोन तासांनी उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी कमी करा. आभाळ भरलेलं असेल त्या दिवशी खाद्य टाकूच नका.

वळवाचा पाऊस

मे-जूनमध्ये वरचं पाणी तापतं, तळाचं गार राहतं आणि दोन थर पडतात. खालच्या थरात ऑक्सिजन नसतो, सडक्या अंड्यासारखा वास देणारा वायू साठलेला असतो. वळवाच्या गार पावसाने आणि वाऱ्याने हे थर एकत्र घुसळले जातात. वर दोन दिवस मळभ, म्हणजे शेवाळाची कमाईही बंद. त्या रात्री जागायची तयारी ठेवा.

मासे वर आलेत, आता काय करायचं

एरेटर असेल तर तो मासे वर आल्यावर लावण्यात उशीर झालेला असतो. उन्हाळ्यात आणि ढगाळ दिवसांत रात्री दहापासून सूर्य वर येईपर्यंत चालवा. नसेल तर पाण्याची मोटार लावा, पण फूटव्हॉल्व (पाणी ओढणाऱ्या पाइपाचं टोक) तळाशी टाकू नका, नाहीतर सडका गाळच उपसाल. वरच्या एक-दीड फुटातलं पाणी घेऊन ते छिद्रं पाडलेल्या पाइपातून उंचावरून तळ्यातच पडू द्या. बोअरचं ताजं पाणी थेट तळ्यात सोडणं ही आणखी एक चूक, कारण भूजलात ऑक्सिजन बहुधा नसल्यातच जमा असतो. सोडायचंच तर फवारा करून.

पोटॅशियम परमँगनेटने पाणी जांभळं केलं म्हणजे ऑक्सिजन आला, असं होत नाही. उलट उरलंसुरलं शेवाळ मरतं.

मेलेले मासे त्याच सकाळी जाळीने काढून तळ्यापासून लांब खड्ड्यात पुरा. खाद्य तीन दिवस बंद. वाचलेल्या माशांना त्या दिवसांत जाळ्यात ओढू नका, आणि पुढच्या तीन पहाटे पुन्हा ऑक्सिजन मोजा.