करवंदाचं बी वाळवून ठेवू नका

रोहिणी नक्षत्र लागलं की करवंदं काळी पडतात. ज्यांना धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जिवंत कुंपण हवंय, त्यांनी हे पंधरा-वीस दिवस हातचे जाऊ देऊ नयेत. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं तूर-हरभरा फस्त करतात म्हणून आपण दरवर्षी जुन्या साड्या बांधतो, रात्री जागतो. करवंदाचं कुंपण दाट व्हायला तीनेक वर्षं लागतात, पण मग ते टिकतं, शिवाय फळंही देतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बी ताजंच लावायचं. मी एकदा बी कडक वाळवून पोळ्यापर्यंत डब्यात ठेवलं होतं. रोपांच्या बहुतेक पिशव्या रिकाम्याच राहिल्या, वर्ष वाया गेलं. करवंदाच्या बियांची उगवणशक्ती फार लवकर जाते.

पूर्ण काळी, बोटानं दाबली की फुटणारी फळं घ्या. पाण्यात चुरगाळा, चिकट गर जाईपर्यंत बिया राखेत चोळून धुवा. तरंगणाऱ्या पोचट बिया फेका. तळाशी बसलेल्या चपट्या बिया तासभर सावलीत पसरा आणि त्याच दिवशी पिशवीत एक सेंटिमीटर खोल टोका. नुसती काळी माती भरू नका, ती पाणी धरते आणि कोंब कुजतो. माती, वाळू नि कुजलेलं शेणखत सारखं मिसळा. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात.

ही रोपं पुढच्या मृगात लावायची. यंदाच लावायचं असेल तर रोपवाटिकेतून वर्षाची रोपं आणा. मोठ्या फळाची दापोली कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' जात हवी असेल तर गुटी कलम (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) घ्या, कारण बियांच्या रोपांत फळ सारखं येत नाही.

मुरमाड, बरड धुरा चालतो, पाणी साचणारा नाही. दोन ओळी नागमोडी, रोपांत दोन-अडीच फूट. लावल्यावर शेंडा खुडाच. नाहीतर झाड वर पळतं, बुडाशी मोकळं राहतं आणि डुक्कर नेमकं तिथूनच घुसतं. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला पाणी द्या, शेळ्यांपासून जपा.

पुढे छाटणी फळं उतरल्यावर लगेच, जून-जुलैत करा. हिवाळ्यात छाटाल तर फेब्रुवारी-मार्चचा फुलोरा कापून टाकाल. छाटलेले फाटे पायवाटेवर पडू देऊ नका, जोडकाटे चपलेतून आरपार जातात.