मोटरीत अडकलेली काळी वाळू काढायची सोपी युक्ती

रत्नागिरीकडच्या किनाऱ्यांवर काळ्या वाळूचे पट्टे असतात. त्यातलं मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं लोहखनिज) रिमोटवर उडणाऱ्या फोमच्या बायप्लेनच्या, म्हणजे वर-खाली दोन पंख असलेल्या छोट्या विमानाच्या, आउटरनर मोटरीतल्या (जिचं बाहेरचं कवच फिरतं) चुंबकांना चिकटून बसतं. मग पंखा हाताने फिरवला की खर्र आवाज येतो, मोटर तापते. फुंकून किंवा ब्रशने हे कण निघत नाहीत, चुंबक त्यांना सोडतच नाही.

१. बॅटरी काढा, मग पंखा. बॅटरी जोडलेली ठेवून मोटरीला हात लावायचा नाही.
२. मोटर फायरवॉलवरून (विमानाच्या नाकातली, मोटर बसवलेली पाटी) सोडवा. शाफ्टच्या (मधल्या दांड्याच्या) मागची क्लिप काढून बेल, म्हणजे चुंबक असलेलं बाहेरचं कवच, ओढा. बारीक वॉशर उडतो, म्हणून खाली पांढरं फडकं हवंच.
३. नारळाच्या हिराला मास्किंग टेप चिकट बाजू बाहेर ठेवून गुंडाळा आणि दोन चुंबकांमधल्या फटीत टेकवत जा. टेप काळी झाली की बदला. कोपऱ्यातले कण सगळ्यात चिवट.
४. शाफ्टला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. वॉशर, क्लिप परत.

बेल बसवताना चुंबक झटक्यात ओढतो, बोटं कडेला नकोत. गंज सोडवणारा स्प्रे मात्र टाळा. काही स्प्रेंनी फोम विरघळतो.

विमान ताडपत्रीवर ठेवलं आणि ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर उतरवलं तर हे काम क्वचितच करावं लागतं.