रोबोटिक्स, डिबेट, कथक: अ‍ॅडमिशनला नक्की काय लागतं, ते कसं ठरवावं

नेरूळ-सीवूड्सकडच्या सोसायट्यांत नववीतल्या मुलांचा आठवडा भरगच्च असतो. सोमवारी रोबोटिक्स, बुधवारी डिबेट, शनिवारी कथक. आईला विचारलं तर म्हणते, "पुढे अ‍ॅडमिशनला लागतं ना!" कुठल्या अ‍ॅडमिशनला, हे विचारलं की मात्र गाडी अडते. म्हणून आधी तेवढंच ठरवा.

एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात रँकवरची कॉलेजं लिहा: जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून आयआयटी, नीटमधून मेडिकल, एमएचटी-सीईटीमधून राज्यातली इंजिनिअरिंग कॉलेजं. इथे गुणवत्ता यादी परीक्षेवर लागते, छंद कुणी विचारत नाही. अपवाद मोजके. आयआयटी मद्रासने 2024-25 पासून खेळाडूंसाठी आणि 2025-26 पासून कलाकारांसाठी थोड्या जादा जागा ठेवल्या, पण त्यासाठीही जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या यादीत नाव हवंच. तेव्हा नौपाड्यातून रोज क्लासला पळणाऱ्या मुलाने तबला जरूर वाजवावा, पण तो आवडतो म्हणून.

दुसरा रकाना ब्रिटनचा. ऑक्सफर्ड-केंब्रिजला तुमची नाटकातली भूमिका फारशी महत्त्वाची वाटत नाही. ज्या विषयाला अर्ज करताय, त्यात अभ्यासक्रमाबाहेर काय वाचलं, काय करून पाहिलं, हे ते बघतात. गणित-विज्ञानाच्या मुलांनी ऑलिम्पियाडचा विचार करावा. त्याचं राष्ट्रीय केंद्र, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, वाशीचा खाडीपूल ओलांडला की मानखुर्दलाच आहे.

तिसऱ्यात अमेरिकेतली निवडक विद्यापीठं, आणि आपल्याकडची अशोका, फ्लेम यांसारखी. उपक्रमांना खरं वजन आहे ते इथे.

तुमचा तिसरा रकाना कोरा असेल तर हा लेख इथेच सोडा, शनिवारी मुलांना ठाण्याच्या उपवन तलावावर घेऊन जा.

मग मार्क बघा. हार्वर्डवर 2018 मध्ये चाललेल्या खटल्यात त्यांची आतली पद्धत उघड झाली. अभ्यास, उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांना वेगवेगळी श्रेणी देतात. म्हणजे उपक्रमांना वजन आहे, पण अभ्यास कच्चा असेल तर ते तो भरून काढत नाहीत. अकरावीत मार्क घसरत असतील तर आधी एक क्लास बंद करा.

आता मूल खरोखर काय करतं ते लिहा. घरोघरी इथेच घोळ होतो, कारण सर्टिफिकेटांची फाइल उघडली जाते. ती बाजूला ठेवा. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांचा जो एकत्रित ऑनलाइन अर्ज आहे, त्या कॉमन अ‍ॅपमध्ये उपक्रमांसाठी जास्तीत जास्त 10 जागा असतात आणि त्यांच्या प्रकारांत 'घरच्या जबाबदाऱ्या' आणि 'पगारी काम' हेही असतात. आजीला डायलिसिसला नेणं, वडिलांच्या वाशी मार्केटमधल्या गाळ्यावर सुट्टीत हिशेब सांभाळणं, धाकट्याचा अभ्यास घेणं, हे सगळं तिथे चालतं. आपल्याला ते सांगायची लाज वाटते आणि पैसे भरून मिळवलेल्या 'रिसर्च इंटर्नशिप'चा अभिमान वाटतो! अमेरिकेतली एमआयटी तर फक्त चारच उपक्रम विचारते. दहा रकाने भरलेच पाहिजेत असा नियम कुठेही नाही.

त्यातले दोनच वाढवा. वाढवायचं म्हणजे काय? समजा, मुलीला पक्षी आवडतात. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात. खाडीच्या अभयारण्याला 2022 मध्ये रामसर दर्जाही (महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारी आंतरराष्ट्रीय मान्यता) मिळाला. पहिल्या वर्षी तिने नेरूळच्या तळ्याकाठी दर रविवारी पक्षी मोजून वहीत लिहावेत. दुसऱ्या वर्षी त्या नोंदी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या वेबसाइटवर टाकाव्यात आणि शाळेतल्या चार जणांना सोबत घ्यावं. तिसऱ्या वर्षी भरती-ओहोटीप्रमाणे आकडे कसे बदलतात याचा तक्ता करून महापालिकेच्या शाळेत मराठीतून दाखवावा. खर्च एका दुर्बिणीचा. शिवाय पुढे निबंधात काय लिहू, हा प्रश्नही उरत नाही.

लिहिताना काटकसर करा. कॉमन अ‍ॅपमध्ये प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला 150 अक्षरं मिळतात, तीही रिकाम्या जागा धरून. 'पर्यावरण संवर्धनात सक्रिय सहभाग' यातून काहीच कळत नाही. 'तीन हिवाळे दर रविवारी पक्षिगणना, चार जणांचा गट, पालिका शाळेत तक्त्यांसह सादरीकरण' यातून मुलगी दिसते. आठवड्याला किती तास आणि वर्षातले किती आठवडे, हेही भरावं लागतं. आकडे फुगवू नका. शाळा, कॉलेज, क्लास आणि दहा उपक्रम मिळून दिवसाचे तीस तास होत असतील तर वाचणाऱ्याला बेरीज येते. नववीपासून एक साधी वही ठेवली तर शेवटी आठवत बसावं लागत नाही.

कॉमन अ‍ॅपचा अर्ज बारावीच्या वर्षात 1 ऑगस्टला खुला होतो. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत 15 ऑक्टोबरला संपते, अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांच्या लवकरच्या फेरीची 1 नोव्हेंबरला. म्हणजे ऐन दिवाळीच्या आसपास. ही कामं गणपतीतच उरकून घ्या, नाहीतर घरात फराळ आणि मूल लॅपटॉपसमोर.