सेकंडहँड सामान ऑनलाइन कसं शोधायचं (जळगाव-भुसावळ-धुळेवाल्यांसाठी)

आमच्या घरातला फ्रीज, कुलर, पोराचं स्टडी टेबल आणि माझी शिलाई मशीन, हे सगळं दुसऱ्यांच्या घरून आलंय, म्हणजे ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस आणि व्हॉट्सअॅपच्या खरेदी-विक्री ग्रुपवरून. त्यामुळे नात्यात कोणाला काही जुनं घ्यायचं असलं की फोन मलाच येतो, दर वेळी तेच तेच सांगून तोंड दुखतं म्हणून एकदाच लिहून टाकते.

वस्तू शोधण्याआधी घर सोडणारा माणूस शोधा. जुन्या सामानाच्या दुकानदाराला काही घाई नसते, ज्याला ३० तारखेला क्वार्टर खाली करायचंय त्याला असते. आणि अशी माणसं आपल्याकडे सगळ्यात जास्त कुठे, तर भुसावळला. रेल्वे आहे, दीपनगरचं वीज केंद्र आहे, भुसावळ-वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत, सगळी बदलीची माणसं. पोरांच्या परीक्षा संपल्या की एप्रिल ते जून सोफा, कपाट, वॉशिंग मशीनच्या जाहिराती धडाधड पडतात. तसंच विद्यापीठामुळे जळगावला आणि इंजिनिअरिंग कॉलेजांमुळे शिरपूर-फैजपूरला. मे-जूनमध्ये पोरं रूम सोडतात तेव्हा सायकल, गादी, टेबल, एमपीएससीची पुस्तकं अक्षरशः मिळेल त्या भावात देतात. म्हणून सर्चमध्ये नुसतं सोफा टाकू नका, त्याच्यापुढे ट्रान्सफर, शिफ्टिंग, अर्जंट असे शब्द पण टाकून बघा.

कुलरचं मात्र उलटं आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास ४४-४५ डिग्री झालं की सगळा खान्देश कुलर शोधतो आणि मग जुन्या कुलरचा भाव नव्याच्या जवळ जाऊन बसतो. मी माझा ऑक्टोबरमध्ये घेतला, बाल्कनीत अडचण झालेली असते, दिवाळीची साफसफाई काढलेली असते, बायको नवऱ्याच्या मागे लागलेली असते की हे धूड काढा एकदाचं.

स्पेलिंगची एक गंमत सांगते. लोक जाहिरात टाकताना कुलर, कूलर, कुल्लर काहीही लिहितात, इंग्रजीत तर विचारूच नका. ज्याने नाव चुकीचं लिहिलंय त्याची जाहिरात सर्चमध्ये कोणाला दिसत नाही, म्हणून त्याला फोन पण कमी येतात आणि तो भावात लवकर खाली येतो. दोन-चार चुकीची स्पेलिंगं टाकून बघाच. शिवाय लोकेशन फक्त आपल्या गावाचं ठेवू नका. धुळेवाल्यांनी मालेगाव धरावं, भुसावळ-रावेरवाल्यांनी बऱ्हाणपूर, नवापूर-नंदुरबारवाल्यांनी सुरतेपर्यंत बघायला हरकत नाही, पण मोठ्या वस्तूला टेम्पोचं भाडं आधी धरा नाहीतर स्वस्तातलं महागात जातं.

आता जाहिरात वाचायची कशी. फोटो झूम करून मागचं घर बघा. भिंतीवर कॅलेंडर, शेजारी पोराची सायकल, फ्रीजवर लोणच्याची बरणी असं दिसलं तर घरचा माणूस समजा. मी एकदा इथेच फसले. घरगुती वापराची वॉशिंग मशीन म्हणून घेतली, तीन महिन्यांत बंद पडली. नंतर त्याच नंबरच्या अजून चार जाहिराती दिसल्या, चारही फोटोंत खाली तीच चॉकलेटी फरशी, म्हणजे गडी भंगारातून मशिनी उचलून पॉलिश मारून विकत होता. तेव्हापासून विकणाऱ्याच्या नावावर टॅप करून त्याच्या बाकीच्या जाहिराती बघितल्याशिवाय मी फोन करत नाही.

मेसेज करताना ते तयार बटण दाबून अव्हेलेबल आहे का एवढंच पाठवू नका, समोरच्याला दिवसाला असे वीस येतात. सरळ लिहा, काका कुलर बघायचाय, आज सहा वाजता येऊ का, घर कोणत्या भागात. भाव चॅटवर करायचा नाही. अहिराणीत कितलाले देशी भाऊ (कितीला देणार) हे समोर उभं राहून, वस्तूवर हात ठेवून विचारायचं असतं, फोनवर त्याची मजा नाही आणि फायदा पण नाही.

आणि वस्तू डोळ्याने बघेपर्यंत एक रुपया पण पाठवायचा नाही. मी फौजी आहे, पोस्टिंग आलंय, गाडी आर्मीच्या ट्रान्सपोर्टने पाठवतो, आधी थोडे पैसे टाका, हा प्रकार अजून चालू आहे, सोबत आयकार्डचा फोटो पण पाठवतात. आपल्या भागातली पोरं फौजेत भरपूर, म्हणून आपण लगेच पाघळतो. विकताना उलटी चाल असते, क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा म्हणजे तुम्हाला पैसे येतील म्हणतात. पैसे यायला ना स्कॅन लागतं ना पिन, पिन टाकला की पैसे जातातच. गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, उद्यावर ढकलू नका.

बघायला गेल्यावर काय बघायचं ते कुलरवरूनच सांगते कारण आपल्याकडे तोच जास्त विकला जातो. भुसावळला एका रेल्वेतल्या काकांकडे गेले होते, लोखंडी बॉडीचा मोठा कुलर, बाहेरून चकाचक रंग. मी म्हटलं काका, टाकीत दोन बादल्या पाणी टाका ना. ते म्हणे ताई चांगलाच आहे हो, कशाला पसारा. तरी टाकायला लावलं आणि मांडी घालून खाली बसले. दहा मिनिटांनी मागच्या कोपऱ्यातून थेंब थेंब सुरू झाले, हात फिरवला तर रंगाखाली एम-सीलचा फुगवटा. आपलं पाणी जड, क्षार साचतात, तळ गंजतो, लोखंडी कुलर मरतो तो तळातूनच. गवत आणि पंप बदलायला फार खर्च येत नाही, त्यासाठी चांगला कुलर सोडू नका, पण तळ गेलेला असेल तर उठून या. मोटर फुल स्पीडला दहा मिनिटं चालवा, घरघर येते का ऐका, आणि पाणी चालू असताना बॉडीला टेस्टर लावा, करंट उतरत असेल तर फुकट दिला तरी घरात नको. तो कुलर मी नाही घेतला, काकांनी चहा मात्र पाजला.

फ्रीज बघायला जाणार असाल तर आदल्या रात्रीपासून चालू ठेवायला आणि ट्रेमध्ये पाणी भरून ठेवायला सांगा, गेल्यावर बर्फ दिसला पाहिजे. दारात दहाची नोट अडकवून दार लावा, नोट सहज ओढली गेली तर रबर गेलंय. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी घेऊच नका, विषय संपला.

मोबाइल घेताना स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करा, जो १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर येईल तो १४४२२ वर केवायएम लिहून, स्पेस देऊन एसएमएस करा. ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं उत्तर आलं तर फोन परत त्याच्या हातात द्या. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर पण हे बघता येतं. बिल आणि बॉक्स मागा, आणि विकणाऱ्याने फोनमधलं स्वतःचं गूगल किंवा अॅपल अकाउंट तुमच्यासमोर काढून टाकलं पाहिजे, नाहीतर लॉक झालेला डबा घेऊन घरी याल.

गाडीत जास्त लक्ष लागतं. नंबर एमपरिवहन अॅपवर टाकून मालक किती नंबरचा, इन्शुरन्स, फिटनेस बघा आणि ई-चलन बाकी आहे का ते वेगळं तपासा. लोनची गाडी असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५, नाव ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. नंदुरबार-धुळ्याला सुरतेच्या जीजे ०५ पासिंगच्या बाइक स्वस्त मिळतात, आपली अर्धी मंडळी तिकडेच कामाला ना. पण त्याला तिकडच्या आरटीओची एनओसी लागते आणि इथे टॅक्स परत भरावा लागतो, तो किमतीत धरून बघा, बऱ्याचदा एमएच १८ किंवा १९ चीच गाडी परवडते. अन् कागद नंतर देतो म्हणणाऱ्याला पैसे पण नंतरच द्यायचे.

बघायला दिवसा जा, सोबत कोणाला तरी घ्या. पैसे शक्यतो यूपीआयने द्या म्हणजे नोंद राहते, आणि मोठी वस्तू असेल तर अमुक तारखेला अमुक वस्तू एवढ्या रुपयांना दिली असं विकणाऱ्याकडून व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या.

छोटा हत्ती ठरवताना ड्रायव्हरला मजला सांगा, नाहीतर तिथे जाऊन हमालीवरून वाद होतात. फ्रीज उभाच आणायचा, आडवा आणावाच लागला तर घरी आल्यावर चार-पाच तास उभा ठेवून मगच चालू करा. आणि दोरी घरून न्या, टेम्पोवाल्याकडे कधीच नसते.