चुका सांभाळून घेणारा गोल्फ ड्रायव्हर कसा निवडाल?

गोल्फमधला तुमचा हँडिकॅप (खेळाच्या पातळीचा आकडा, जितका जास्त तितका खेळ कच्चा) २० च्या पुढे असेल आणि नवा ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा क्लब, म्हणजे काठी) घ्यायचा असेल, तर कंपनी आणि मॉडेल हा विषय शेवटी काढा. आधी तुमचा बॉल वाकडा का जातो ते शोधा. त्याची मुख्य कारणं दोन. एक तर बॉल फेसच्या (क्लबच्या बॉलला लागणाऱ्या पृष्ठभागाच्या) मधोमध लागत नाही, किंवा मधोमध लागतो पण त्या क्षणी फेस उघडा असतो, म्हणजे लक्ष्याऐवजी बाहेरच्या बाजूला वळलेला असतो. पहिली चूक चांगला ड्रायव्हर बऱ्यापैकी सांभाळून घेतो. दुसरी कोणताही ड्रायव्हर फारशी सांभाळत नाही. हा फरक न ओळखता घेतलेला महागडा क्लबही तुम्हाला त्याच झाडीत नेऊन सोडेल.

हे तपासायला यंत्र लागत नाही. साधा व्हाइटबोर्ड मार्कर घ्या, बॉलवर नाण्याएवढा ठिपका काढा आणि ठिपका फेससमोर येईल असा बॉल टीवर (छोट्या खुंटीवर) ठेवा. फटक्यानंतर फेसवर खूण उमटते. तिचा फोटो काढा, कापडाने पुसा, पुढचा बॉल मारा. दहा-बारा फटके पुरेत. बॉल कुठे गेला तेही दर वेळी लिहून ठेवा.

(पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी दिशा उलट धरावी.)

खुणा हीलपासून (फेसची दांड्याजवळची बाजू) टोपर्यंत (दांड्यापासून दूरचं टोक) विखुरलेल्या असतील, तर क्लबच्या मोठ्या, स्थिर डोक्याचा खरा फायदा तुम्हालाच आहे. सगळ्या खुणा हीलकडे असतील, तर क्लब लांब पडतोय किंवा तुम्ही बॉलच्या फार जवळ उभे राहताय. हीलवर लागलेला बॉल उजवीकडे वळतो, कारण फटक्याच्या क्षणी डोकं फिरतं आणि बॉलला विरुद्ध दिशेची फिरकी देतं. उघड्या फेसने मारलेला बॉलही उजवीकडेच वळतो. लांबून पाहिलं तर दोन्ही स्लाइस (उजवीकडे वळत जाणारे फटके) सारखेच दिसतात, पण उपाय पूर्ण वेगळे आहेत. म्हणून ही खूण पाहायचा कंटाळा करू नका. खुणा मधोमध आणि बॉल तरी उजवीकडे, असं असेल तर दोष फेसचा आहे. ड्रायव्हरबरोबर प्रशिक्षकाचे चार तासही ठरवून टाका.

डोकं

नियमांनुसार ड्रायव्हरचं डोकं ४६० घन सेंटिमीटरपर्यंत असू शकतं. तुम्हाला तेवढंच हवं, लहान नको. दुसरा आकडा एमओआयचा. बॉल मधोमध न लागल्यावर डोकं फिरायला किती विरोध करतं, याचं ते माप. तो जितका जास्त, तितका कडेला लागलेल्या बॉलचा वेग आणि दिशा टिकते. उभ्या अक्षाभोवतीच्या एमओआयला नियमाने ५९०० ची मर्यादा आहे, वर १०० ची सूट. मग जाहिरातीत १०,००० कुठून येतात? तिथे उभ्या आणि आडव्या अशा दोन अक्षांची बेरीज दिलेली असते. २०२४ मध्ये आलेले पिंग जी४३० मॅक्स १०के आणि टेलरमेड क्यूआय१० मॅक्स हे याच वर्गातले. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, एवढं विचारा.

त्याच मालिकेतल्या 'एलएस', 'एलएसटी' अशा नावांच्या मॉडेलपासून लांब राहा. त्यात वजन पुढे, फेसजवळ असतं. बॉलची फिरकी (स्पिन) कमी होते, पण चूक सांभाळायची ताकदही घटते. ती वेगवान स्विंगवाल्यांसाठी आहेत.

ड्रॉ मॉडेलमध्ये (बॉल डावीकडे वळवायला मदत करणाऱ्या) वजन हीलकडे सरकवलेलं असतं, त्यामुळे फेस थोडा लवकर बंद होतो. सौम्य स्लाइसला याचा उपयोग होतो. मात्र साधं गणित पाहा: फेस ४ अंश उघडा असेल तर २०० यार्डांवर नुसत्या सुरुवातीच्या दिशेनेच बॉल १० यार्डांहून जास्त उजवीकडे जातो, आणि वळण त्यावर वेगळं. हीलमधले काही ग्रॅम एवढं भरून काढणार नाहीत.

लॉफ्ट: इथे लाजू नका

कमी लॉफ्ट (फेस मागे कललेला असतो तो कोन) म्हणजे जास्त अंतर, हा समज अजून सुटत नाही. तुमच्या क्लबचा वेग ताशी ९० मैलांच्या खाली असेल, तर १०.५ अंशांपासून सुरुवात करा आणि १२ नक्की मारून पाहा. जास्त लॉफ्टने बॉल वर चढतो, जास्त वेळ हवेत राहतो. शिवाय फेस तेवढाच उघडा असला तरी लॉफ्ट जास्त असल्यास फिरकीचा अक्ष कमी कलतो, म्हणून बॉल कमी वळतो. अंतर आणि दिशा दोन्ही सुधारणारी दुसरी इतकी सोपी गोष्ट नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हे जास्तच जाणवतं. ओल्या फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) बॉल पडला तिथेच बसतो, रोल मिळत नाही. मग हवेतलं अंतर हीच खरी कमाई.

हॉझेल (दांडा डोक्याला जोडणारा भाग) फिरवून लॉफ्ट बदलणारा ड्रायव्हर असेल तर एक लक्षात ठेवा. लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो, कमी केला की उघडतो. अंतराच्या मोहाने लॉफ्ट उतरवणारा स्लाइसर स्वतःचाच स्लाइस वाढवतो. फेरी सुरू असताना ही सेटिंग बदलायला नियमांची परवानगी नाही, त्यामुळे जे करायचं ते सरावाच्या रेंजवर करा.

लांबी आणि शाफ्ट

दुकानातले बहुतेक ड्रायव्हर ४५.५ इंचांच्या आसपास किंवा थोडे लांबच असतात. लांब क्लबने वेग थोडा वाढतो, पण मधोमध मारणं अवघड होतं. जास्त हँडिकॅपवाल्याला हा सौदा बहुधा तोट्याचा पडतो. कापायच्या आधी ग्रिप एक इंच खाली धरून मार्करची चाचणी पुन्हा करा. खुणा मध्ये गोळा झाल्या तर ४४.५ इंचांची लांबी मागा. कापायचं ते ग्रिपच्या टोकाकडून. इंचभर कापल्यावर स्विंगवेट (फिरवताना डोकं किती जड लागतं याचं माप) साधारण ६ अंकांनी उतरतं आणि डोकं हातात हलकं, हरवल्यासारखं लागतं. २ ग्रॅमला अंदाजे एक अंक या हिशोबाने १० ते १२ ग्रॅम वजन डोक्यात परत घाला. जड स्क्रू मिळाला तर उत्तम, नाहीतर लेड टेप (शिशाची चिकटपट्टी). अनेक ठिकाणी हे काम अर्धवट सोडतात आणि मग दोष लांबीला देतात.

शाफ्टवरच्या (दांड्यावरच्या) आर (रेग्युलर), एस (स्टिफ, म्हणजे कडक) अक्षरांवर डोळे झाकून विसंबू नका. त्यांचं सर्वमान्य प्रमाण नाही, एका कंपनीचा आर दुसरीच्या एसइतका कडक असू शकतो. ताशी ७५ ते ९० मैल वेगाला बहुधा आर आणि ५० ते ६० ग्रॅमचा शाफ्ट जमतो. शेवटच्या काही फटक्यांत बॉल जास्तच इकडेतिकडे जायला लागला, तर हलका मागा.

निवडताना

दोन-तीन ड्रायव्हर लाँच मॉनिटरवर (बॉलचा वेग आणि अंतर मोजणाऱ्या यंत्रावर) मारा, पण एकच क्लब सलग पंधरा वेळा नको. प्रत्येकी पाच बॉल, मग बदला, अशा तीन फेऱ्या घ्या. नाहीतर पहिला क्लब अंग मोकळं व्हायच्या आधी आणि शेवटचा दमल्यावर मारला जातो. सर्वांत लांब गेलेल्या फटक्याकडे पाहू नका. सर्वांत वाईट फटके किती यार्ड गेले आणि डावी-उजवीकडची पसरण किती, हे पाहा. एकाची सरासरी १९० यार्ड आणि पसरण ६०, दुसऱ्याची १८५ आणि पसरण ४० असेल, तर दुसरा घ्या.

दोन-चार वर्षं जुना मॅक्स वर्गातला (जास्त एमओआयचा) ड्रायव्हर वापरलेला मिळाला तर जरूर विचार करा. डोकं कानाजवळ हलवून आत काही खडखडतं का ते ऐका. क्राउनवर (डोक्याच्या वरच्या बाजूला) बारीक तडा, फेसला खोलगट भाग, बॅगच्या कडेने घासलेला शाफ्ट, सैल हॉझेल, हरवलेला वजनाचा स्क्रू, यांपैकी काही दिसलं तर सोडून द्या. हॉझेलवरचा अनुक्रमांक कंपनीला कळवून पडताळून घ्या आणि मगच पैसे द्या.