परसात बी टाकण्याआधी चर काढा

दरवर्षी जूनमध्ये मी हेच सांगतो, आणि दरवर्षी जुलैअखेर कुणीतरी पिवळं पडलेलं मिरचीचं रोप उपटून हातात घेऊन येतं. "भाऊ, हा कसला रोग?" मी मुळी चिमटीत धरून ओढतो. साल बुळबुळीत होऊन बोटांत राहते, आतला पांढरा दोरा तेवढा बाहेर येतो. रोग आहेच, पण तो मागाहून आलेला. आधी वाफ्यात पाणी तुंबलं.

आपण मावळ-मुळशीकडचे भातवाले. पाणी दिसलं की अडवायचं, ही हाताला लागलेली सवय. खाचराला बांध घालणारा माणूस परसालाही चारी बाजूंनी बांध घालतो, माती वाहू नये म्हणून. भाताची गोष्ट वेगळी, त्याच्या मुळांना देठातून हवा पोचते. मिरची, वांगी, टोमॅटोला ती सोय नाही. माती पाण्याने गच्च भरली की मुळं गुदमरतात, आणि मर रोगाची बुरशी त्याच पाण्यातून पोहत शेजारच्या रोपाकडे जाते. मुळं पाणी ओढेनाशी झाली की भर पावसात रोप माना टाकतं. ते बघून घरची माणसं वर तांब्याभर पाणी घालतात, नाहीतर मूठभर युरिया.

म्हणून मृग आहे तोवर, आर्द्रा बसायच्या आत, एवढं करा. जोराची सर थांबल्यावर अर्ध्या तासाने परसात टाच दाबून चाला. ठशात पाणी उभं राहिलं, तर ती जागा सपाट वाफ्याची नाही. गादीवाफा 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 15 सेंटिमीटर उंच करावा अशी शिफारस आहे. आमच्या पावसाला मी त्याच्या दुप्पट उंची धरतो. दोन वाफ्यांमध्ये वीतभर रुंद, वीतभर खोल चर, आणि सगळे चर उताराकडच्या एका तोंडाशी आणा. ते तोंड बांध फोडून बाहेर काढा. चर काढून बांध तसाच ठेवणारेही मी पाहिलेत. ते परस नव्हे, तळं.

पागोळ्यांखाली काही लावू नका. कौलांवरून पडणाऱ्या धारेने माती उडते, मुळं उघडी पडतात. मोरीचं पाणी उन्हाळ्यात वाफ्यांना सोडता ते ठीक, आता ते अळूकडे वळवा. अळूचे पाय ओले असले तरी चालतात.

किती लावायचं? माणशी रोज 300 ग्रॅम भाजी धरली तर पाच माणसांना दीड किलो लागते. बारमाही एवढी भाजी निघायला दोन-अडीच गुंठे हवेत. जागा अर्धा गुंठाच असेल तर पालेभाज्या, मिरची आणि वेल धरा. कांदे-बटाटे बाजारातून आणा. पाच माणसांचा माझा अंदाज:

– मिरची 12 रोपं, वांगी 10
– भेंडी 50 झाडं: परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका
– गवार एक वाफा: पुसा नवबहार
– दोडका 3 वेल, कारलं 3, काकडी 4, दुधी 1 (दोन लावलेत तर गावभर वाटत फिराल)
– कुंपणाला शेवगा 1
– माठ, अंबाडी: दर 15 दिवसांनी वाफ्याचा तिसरा हिस्सा पेरा
– मेथी, कोथिंबीर: पाऊस ओसरल्यावरच, आत्ता सडते

नेहमीची कामं:

– वाफ्याला दोन घमेली कुजलेलं शेणखत
– मिरची-वांग्याचं बी उंच वाफ्यावर, ओळीत, विरळ
– रोपं 5 आठवड्यांची झाली की लावणी, संध्याकाळी
– वेलांना मांडव
– दर 15 दिवसांनी खुरपणी

बियाण्याला ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, किलोला 5 ग्रॅम. घरच्या चमचाभर बियाला नखभर पुरे. रोपं कोलमडायला लागलीच, तर आधी चर मोकळा करा आणि मगच कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचं बुरशीनाशक 25 ग्रॅम 10 लिटर पाण्यात मिसळून बुडाशी ओता. त्याच आठवड्यात ट्रायकोडर्मा टाकू नका. तांबं त्यालाही मारतं, पैसे दोन्हीकडून वाया. मावा-तुडतुड्यांना 5 टक्के निंबोळी अर्क: अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवा, गाळून 10 लिटर करा.

दुकानात पिवळं पान घेऊन गेलात की टॉनिकची बाटली हातात येते. एका वर्षी मी स्वतः तीन बाटल्या आणल्या: एक मुळांसाठी, एक फुटव्यासाठी, तिसरी कशासाठी ते दुकानदारालाही नीट सांगता आलं नाही. बारा वांगी होती, दोन वाचली. ती दोन्ही चराच्या कडेला, उंचावर होती. "वाफ्यात पाणी साचतं का?" असं मला त्या दुकानात कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही. बी कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रातून आणा. आपल्याला दापोली आणि राहुरी दोन्ही आहेत. सुधारित वाणाचं बी पुढच्या वर्षी घरचं धरता येतं, संकरितचं नाही.

एकदा चर काढला की झालं असंही नाही. रात्री मोठा पाऊस झाला तर सकाळी चहाआधी खुरपं घेऊन चराच्या तोंडाशी जा. तिथे पालापाचोळा नाहीतर कुणाची तरी प्लास्टिकची पिशवी अडकलेली असते. ती काढली की पाणी कसं पळतं बघा.